यीस्टवरचा आळ

मेश्राम मॅडम रुग्णांना खोकायला शिकवायच्या. थुंकीची डबी वॉर्डातून भरून यायची अशी आमच्या प्रयोगशाळेची पद्धत. मॅडमना ती मंजूर नव्हती. त्या स्वतः पलंगाशी जाऊन उभ्या राहायच्या, आधी चुळा भरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "अहो, तोंडातलं नकोय मला. छातीतलं काढा. मी थांबलेय." मार्केट यार्डात मिरचीची पोती वाहणारा एखादा हमाल लाजून अर्धा व्हायचा. मॅडम हलायच्या नाहीत.

फुप्फुसं झिजलेल्या रुग्णांच्या थुंकीत यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, हमखास सापडते. बहुतेक वेळा ती तोंडातलीच, निरुपद्रवी. पण रिपोर्टात 'यीस्ट आढळले' एवढं वाचलं की डॉक्टर बुरशीचं जहाल औषध सुरू करून मोकळे. मॅडम फोनवरच त्यांना झापायच्या, "नुसत्या आडनावावरून माणसाला येरवड्याच्या तुरुंगात धाडता का हो तुम्ही? पूर्ण नाव कळू द्या."

हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या त्या सुमारास आमच्याकडे पीसीआरचं यंत्र आलं. डीएनएवरून यीस्टची नेमकी प्रजाती कळू लागली. मॅडमनी त्या यंत्राला घरून पेढे आणले. ते काम त्यांनी मला हाताला धरून शिकवलं, आणि चुकले तेव्हा चारचौघांत सोलूनही काढलं.

मॅडमचं बालपण भंडाऱ्याकडचं. आई घरी विड्या वळायची. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर एकाच खोलीत. त्याचा हिशेब साठीत चुकता झाला. दुसऱ्यांच्या छातीची एवढी काळजी करणाऱ्या या बाईनं स्वतःचा दम मात्र "जिने फार आहेत" म्हणून उडवून लावला होता. मला त्याचा अजून राग येतो.

शेवटी त्या आमच्याच इस्पितळात दाखल झाल्या. थुंकीत भरपूर यीस्ट निघालं. त्यांचा मुलगा मंदार आयटीत होता. तो एकदम उजळला. "ताई, म्हणजे हे फंगसमुळे आहे ना? ट्रीटेबल आहे ना? मग औषध स्टार्ट करा ना, वेट कशाला?"

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मॅडम म्हणाल्या, "काहून घाई करून राहिला रे? नाव येऊ दे आधी." एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडमची भंडाऱ्याची बोली चिडल्या की बाहेर पडायची.

खरं सांगते, मलाही मंदारसारखंच वाटत होतं. एखादी दुष्ट, दुर्मीळ प्रजाती निघावी, म्हणजे तिच्यावर औषध देता येईल. तसं नसेल तर उरली फक्त फुप्फुसं, आणि त्यांच्यावर आता कुणाकडेच औषध नव्हतं.

तोंडात नेहमी असते तीच साधी प्रजाती निघाली. मी चाचणी पुन्हा पहिल्यापासून केली. उत्तर तेच आलं.

"कोण आहे?" मॅडमनी विचारलं. मी नाव सांगितलं.

"मग औषध देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि मंदारला तूच सांग. मला तेवढा दम नाही."

मी बाहेर आले. मंदार बाकावरून उठला. "ताई, काही डेंजरस निघालं?"

"नाही," मी म्हटलं. "साधंच आहे. त्याचा त्रास नाही काही."

"थँक गॉड," तो म्हणाला आणि हसला. त्याला पुढचं सांगायला मला त्याच्या शेजारी बसावं लागलं.