कापसातलं बाळ

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकाचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि मलाच विचारलं, "आजी, जन्मला तेव्हा वजन किती होतं?"

लेक चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात. मी नुसती ओंजळ करून दाखवली. वजन कुणाला ठाऊक? सिल्लोडला माझ्या माहेरी, दिवस भरायच्या आधीच झाला तो. तोललं की दृष्ट लागते म्हणून माझ्या आईनं काटा घरात येऊ दिला नाही. जिनिंगवरून सरकी काढलेला कापूस आणला आणि त्यात त्याला गुंडाळलं. नाक तेवढं उघडं. कापूस हलतोय का, बघत बसायची मी.

जगला. मग काय, माझा तोरा विचारू नका. तूप-शिऱ्याचे घास कोंबून कोंबून गुटगुटीत केला. विशीतलं ध्यान मी. शेजारणीच्या लेकराच्या काटकुळ्या मांड्या बघून मनात हसायची आणि आपल्याच्या गालावर हा एवढा काजळाचा टिळा लावायची. इथं संभाजीनगरात आल्यावरही गल्लीभर सांगत फिरले, उंदराचा हत्ती केला म्हणून.

दवाखान्यातही हे रंगवून सांगितलं. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "बाकी सगळं वाढलं, आजी. पण किडनीतल्या चाळण्या जन्मानंतर फार तर काही आठवडे नव्या तयार होतात, पुढे नाही. लवकर आणि लहान जन्मलेल्यांना त्या कमी असू शकतात. थोड्या चाळण्यांवर एवढ्या देहाचं काम पडतं."

हेच एक कारण असेल असं नाही, म्हणाल्या. रोज गोळी, मीठ कमी, वजन उतरवा. वेळेत कळलंय, पुष्कळ सांभाळता येईल.

लेकाला धीर आला. मला मात्र तेव्हापासून तो हत्ती दिसेनासाच झालाय. म्हणजे इतकी वर्षं ते ओंजळभर लेकरू आतच होतं, एकटंच गाळत बसलेलं, आणि मी वरून तूप ओतत होते.

काल त्याच्या ताटातला पापड मी उचलला.

"आई, तुला दात नाहीत. पापड काय करतेस?"

"चघळते. तू भाकर खा गुमान."

दुपारी तो पांढरी चादर तोंडापर्यंत ओढून झोपतो. येता-जाता माझे पाय तिथं थांबतात. चादर हलली की मी स्वयंपाकघरात जाते आणि लोणच्याची बरणी आणखी मागं सरकवते.