फिटरकाकांची कार्डं

आमच्या ऑफिसातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला फिटरकाकांनी पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असे. पंख्याच्या बटणापाशी: 'चारवर ठेवल्यास बोलतो. तीनवर ठेवावा.' चहाच्या किटलीला: 'झाकण तिरकं लावावं, नाहीतर वाफ हातावर. सांगणार: झाडूवाल्या सुमनताई.' उपाय दुसऱ्याने सांगितला असेल तर त्याचं नाव आणि तारीख खाली आलीच पाहिजे, हा त्यांचा नेम.

काका राहायला लालबागला. गिरण्यांच्या संपापूर्वी ते परळच्या एका गिरणीत मागांचे, म्हणजे त्यांच्या भाषेत साच्यांचे, फिटर होते. संपानंतर भाजी विकली, शिवडीच्या गोदामात राखण केली आणि म्हातारपणी एका बंद गिरणीच्या आवारातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत चहा देऊ लागले. आमच्या कीबोर्डांकडे बघून म्हणत, "साचे गेले, खडखड ऱ्हायली."

त्या वर्षी पायथनमधला आमचा एक प्रोग्राम महिनाअखेर वरळीच्या ग्राहकाला द्यायचा होता, माहितीपुस्तिकेसकट. ती आपोआप तयार करणारं टूल मी निवडायचं होतं. जमलं तर टीम लीडर, नाहीतर आहे तिथेच. तीन आठवडे मी टूलंच पारखत बसलो. एकाचे रंग छान, दुसऱ्याची अनुक्रमणिका. एकाचं नाव स्फिंक्स. काकांना म्हटलं, धड सिंहाचं, तोंड माणसाचं.

"म्हणजे आमचा विव्हिंग मास्तर!"

स्फिंक्सची पहिली पानं देखणी निघाली. फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याची, नावं ओळीने आणि प्रत्येकाखाली कोरी जागा. टूल पान बांधतं. मजकूर आम्ही लिहिलाच नव्हता. काकांनी चष्मा वर केला.

"झ्याक हां. पण झिला, ही नुसती हजेरी झाली. कोण कोण आलंय ते कळलं. काम काय करतात?"

"ते वेगळ्या फाइलीत लिहीन म्हणतो."

"गिरणीत आमच्या साहेबानं पण कार्डं साच्यांवरून काढून वरच्या कपाटात ठेवली होती. साचा बदलायचा, कार्ड कपाटात झोपलेलं. साच्यालाच बांध रे. आणि काय करतो ते दिसतंच, का करतो ते लिही."

मी तसंच केलं. प्रत्येक फंक्शनच्या पोटातच दोन ओळी लिहिल्या. स्फिंक्स त्या तिथूनच उचलू लागलं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "प्रोग्राममध्येच लिहायची कल्पना कुणाची?" काका माझ्याच पुढ्यात कप ठेवत होते.

"सुचली, सर," मी म्हणालो.

दोन वर्षं मला बिनसाखरेचा चहा देणाऱ्या काकांनी विचारलं, "साखर घालू?"

मी टीम लीडर झालो. काकांची माफी रोज उद्यावर ढकलत राहिलो. दिवाळीला ते गावी गेले ते परतलेच नाहीत.

मग एकदा प्रिंटर अडला. मागे वाकून बघतो तर कार्ड: 'कागद अडकल्यास ओढू नये, मागचं दार उघडावं. सांगणार: परब सर.' परब म्हणजे मी. कधीतरी जाता जाता बोललो असेन. तारीख मीटिंगच्या दुसऱ्या दिवसाची होती.

तसाच जागेवर आलो, प्रोग्रामची पहिली फाइल उघडली आणि सगळ्यात वर लिहिलं, 'कार्ड साच्यालाच बांधावं. सांगणार:' आणि बोटं थांबली. दोन वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यालो, नाव कधी विचारलं नव्हतं. शेवटी 'फिटरकाका, लालबाग' एवढंच लिहिलं. स्फिंक्सने ते निमूटपणे पहिल्या पानावर छापलं आणि पुढच्या आवृत्तीबरोबर ते वरळीच्या ग्राहकाकडे गेलं.

वरळीहून अजून अधूनमधून कुणा नव्या मुलीचा, मुलाचा फोन येतो. "सर, हे फिटरकाका कोण?"

मी सांगतो. दर वेळी मीटिंगपासून सुरुवात करतो.