नकाशावरची पाणंद

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझे वडील कासारवाडीजवळच्या एका कंपनीत फिटर होते. आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे, दाराला लिंबू-मिरची, यातलं काही कधी आलं नाही. रविवारी विहारात जायचं, आणि कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की वडील विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" बास, गोष्ट तिथेच संपायची. आता मीच तुम्हाला सांगायला बसलेय... आणि पाहिलेलं तर मीही काही नाही. ऐकलंय फक्त.

मी दिघीला राहते आणि चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. कुठला माल कुठल्या गाडीत, गाडी कुठे अडकली, ड्रायव्हर फोन का उचलत नाही — दिवसभर हेच. माझा नवरा प्रकाश. त्याचा स्वतःचा छोटा टेम्पो होता. शाळेपासूनची ओळख, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी झालंच नाही. मोबाईलवर रस्ता सांगणाऱ्या बाईला तो 'मॅडम' म्हणायचा. "तुझ्यापेक्षा बरी आहे गं, चुकलो तरी ओरडत नाही," असं मला ऐकवायचा. मी म्हणायचे, "मग डबाही तिच्याकडूनच घेत जा."

हसरा माणूस होता. खादाड होता, आणि तब्येतीची त्याला काडीची फिकीर नव्हती.

चाकणच्या पुढे, खेड तालुक्यात एक गाव आहे. नाव देत नाही. त्या गावाला एक जुनी पाणंद आहे, म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूच्या जमिनी एका कंपनीने घेतल्या आणि दोन प्लॉट जोडायला पाणंदीवर आडवी भिंत घातली. चांगली उंच, वर काटेरी तार. पाणंद अलीकडेही आहे, पलीकडेही आहे, मध्ये भिंत. पण ऑनलाइन नकाशात ती भिंत नव्हतीच. तिथे सरळ एक जाड पिवळी रेघ होती. जाड पिवळी म्हणजे मोठा रस्ता, अवजड गाड्याही जातील असा.

त्या दुपारी प्रकाश गावाच्या बाजूला माल उतरवून निघाला होता. छातीत कळ आली म्हणून भिंतीच्या अलीकडे बाभळीखाली टेम्पो लावला आणि मला फोन केला. एवढा घाबरलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मी दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली, त्याचं लोकेशन पाठवलं. माझं रोजचं कामच ते, हात सवयीने चालले. त्याला लाइनवर ठेवलं आणि बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. मग तो म्हणाला, "सायरन ऐकू येतोय गं... आले बघ. अगदी जवळ आले."

अँब्युलन्स भिंतीच्या पलीकडे उभी होती.

नकाशाने जवळचा रस्ता दाखवला, ड्रायव्हर त्यावरून आला. त्याला मी कधीच दोष दिला नाही. गाडी मागे घेऊन, हायवेला लागून, कंटेनरच्या रांगेतून ते वळसा घालून पोचले तेव्हा प्रकाश गेला होता. मी पोचले तेव्हा तो ड्रायव्हर टेम्पोच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. "ताई, मोठा रस्ता होता हो... मोठा रस्ता दाखवत होता," एवढंच तो म्हणत राहिला.

दिवसकार्य झालं, विहारात पुण्यानुमोदन झालं, माणसं आपापल्या घरी गेली. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप यायचा. कुणावर काढू? मग मी त्या पिवळ्या रेघेच्या मागे लागले. भिंतीचा फोटो काढला, 'रस्ता अस्तित्वात नाही' म्हणून नकाशावाल्यांना कळवलं. मंजूर झालं, रेघ गेली. मी सुस्कारा सोडला. काही दिवसांनी बघते तर रेघ परत हजर! पुन्हा कळवलं, पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी चिडून गावात जाऊन चौकशी केली, तर सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं.

आप्पा. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात म्हशीची दोरी. मी तावातावाने बोलले आणि ते शांतपणे म्हणाले, "व्हय, आमीच टाकतो ती. गावातली पोरं टाकत्यात, मीच सांगितलंय."

"अहो, पण तिथे भिंत आहे!"

"भिंत त्येंची हाय, ताई. वाट आमची. गावच्या जुन्या नकाशात पाणंद हाय, आज्या-पणज्यापासनं हाय. तहसीलला दावा चाललाय. आता मोबाईलवरनंबी गेली तर उद्या कोण म्हणंल, हितं वाट व्हती म्हणून?"

"मग निदान पायवाट म्हणून टाकायची. एवढा मोठा रस्ता कशाला?"

"बारकी टाकली तर कोण इचारतंय? म्हून मोठी टाकली."

ज्या चुकीवर मी इतके दिवस दात-ओठ खात होते, ती चूक नव्हतीच. ती एका गावाने धरलेली जिद्द होती. मी म्हणाले, "आप्पा, त्या वाटेवर माझा माणूस गेला." दोरी त्यांच्या हातातून खाली पडली. "टेम्पोवाला? तुमचा व्हता त्यो? पोरी, मी त्या दिशी बाजाराला गेलो व्हतो गं. हितं असतो तर खांद्यावर घिऊन चढलो असतो भिंतीवर." आणि ते रडले. मग मलाही रडू फुटलं, त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदा.

आता खरी गोष्ट.

त्यानंतर काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी स्कूटीवरून तिथे गेले. नवा फोटो हवा होता, आणि खरं सांगायचं तर बाभळीखाली थोडं बसायचं होतं. लख्ख ऊन होतं. आप्पा म्हैस घेऊन वाटेतच उभे होते. एवढ्यात भिंतीपलीकडून सायरन आला. वाटलं, पुन्हा कुणीतरी नकाशाला फसलं! मी भिंतीकडे धावले, जिवाच्या आकांताने ओरडले, "पुढे भिंत आहे! मागे फिरा!"

सायरन थांबला नाही. तो भिंतीपाशी आला आणि... अलीकडे आला. डोळ्यांसमोर नुसती भिंत, तार, पिवळं गवत. पण आवाज माझ्या अंगावरून गेला, गाडी जवळून गेल्यावर लागतो तसा गरम वारा लागला, डिझेलचा वास आला. बाभळीखाली, जिथे टेम्पो होता बरोबर तिथे, सायरन बंद पडला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग सगळं शांत झालं.

मी आप्पांकडे वळले. त्यांनी दोरी ओढायच्या आधीच म्हैस वाट सोडून बांधावर चढली होती.

"रोज येती," आप्पा हळूच म्हणाले. "मी कुणाला बोललो न्हाई. म्हातारा येडा झाला म्हणत्याल. पर मधी मधी काय व्हतं कुणास ठावं, भिंतीपल्याडच थांबती. चार दिस तितंच, मग परत हिकडं."

मी त्यांना कुठले चार दिवस ते विचारलं. आठवून आठवून त्यांनी सांगितलं. मी मोबाईलवर माझे जुने मेल काढून बघितले आणि खाली बसले. नकाशातली रेघ जेव्हा जेव्हा माझ्या तक्रारीने गेली होती, तेव्हा तेव्हा ती अँब्युलन्स भिंतीपलीकडे थांबली होती. रेघ असली की ती प्रकाशपर्यंत पोचत होती.

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. मुळीच नाही. मला आनंद झाला हो, वेड्यासारखा आनंद झाला! मी तक्रारी करणं बंद केलं. रोज सुट्टीत डबा घेऊन तिथे जायचे, सायरन अलीकडे आला की मगच घास घशाखाली उतरायचा. ऑफिसातल्या बायकांना वाटलं, चला, सावरली एकदाची.

मग एके दिवशी सायरन येऊन गेल्यावर पलीकडून दुसराच आवाज आला. रिक्षाचं इंजिन, आणि एक माणूस कळवळून ओरडत होता. "अरे यार, यहाँ तो दीवार है! मॅप में तो रास्ता था!" मी भिंतीला चिकटून विचारलं. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये सोबत्याचा हात सापडला होता, रक्त थांबत नव्हतं, भिंतीच्या अलीकडे गावाच्या टोकाला नुकताच नवा दवाखाना झालाय तिथे निघाले होते. मी ओरडून रस्ता सांगितला, मागे फिरा, गोदामापाशी डावीकडे वळा, पुलाखालून या. रिक्षा गेली. स्कूटी घेऊन मीही दवाखान्यात पोचले. माणूस वाचला. बाहेर त्याची बायको बसली होती, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. पदराचा बोळा तोंडात धरून ती दाराकडे बघत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि मला माझीच भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी आप्पांकडे गेले. रिक्षाची बातमी गावात पोचलीच होती; मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "काढून टाक, पोरी. आमचं भांडान आमी तहसीलात करू. परत कोन टाकनार न्हाई, माजा शब्द." मग म्हणाले, "पर तुजं काय गं?"

फोटो जोडला. बटणावर बोट ठेवून किती वेळ बसले, माहीत नाही. आप्पांच्या सुनेने आणलेला चहा समोर गार झाला. प्रकाशला मनात म्हटलं, रागावू नकोस रे. आणि दाबलं.

मेल आला, तुमची दुरुस्ती मंजूर झाली आहे, सहकार्याबद्दल आभार. आता नकाशात तिथे रस्ता नाही. कुणी फसत नाही. खऱ्या अँब्युलन्स हायवेने फिरून वेळेत येतात, मी स्वतः पाहिलंय.

ती मात्र अजून येते. भिंतीपलीकडे थांबते आणि वाजत राहते. कंपनीतल्या एका इंजिनिअरला सांगितलं, तो म्हणाला पत्र्याच्या शेडवरून येणारा प्रतिध्वनी असेल. असेलही. मग आधी दार उघडल्याचा आवाज कशाचा यायचा? म्हैस कुणाला वाट द्यायची? नकाशातल्या एका रेघेचा या सगळ्याशी काय संबंध? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. फक्त, तिथे जाणं सोड, असं सांगू नका.

त्या दिवशी मी ऑफिसात होते आणि प्रकाश एकटा होता. आता सुट्टी झाली की मी बाभळीखाली जाऊन बसते. पलीकडे सायरन वाजत असतो, आणि तो बंद होईपर्यंत मी तिथून उठत नाही.