उसन्या पाटल्या

बी.ए. झाल्यावर माझी पहिली नोकरी दुष्काळी कामावरच्या हंगामी कारकुनाची. साक्रीच्या पश्चिमेकडची गावे फिरून, फुकट धान्य कोणाला द्यायचे याची यादी करायची. ज्याच्याने काम होत नाही आणि ज्याच्याजवळ विकण्याजोगे काही नाही, त्याचेच नाव घ्यायचे. बाकीच्यांनी खडी फोडायला जावे, असा नियम होता. तो मला पटला होता. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत, आणि मी धुळ्याला एका मारवाडी व्यापाऱ्याने चालवलेल्या वसतिगृहात फुकट जेवून शिकलो. लोकांच्या दानाची किंमत मला ठाऊक होती, ते लबाडाच्या तोंडी जाऊ नये असे मनापासून वाटे. त्या व्यापाऱ्याने मला घेताना माझ्या बापाच्या घरात काय आहे हे कधी पाहिले नव्हते, हे मात्र तेव्हा आठवले नाही.

एका गावी चावडीपुढे लोक बसले होते. साठीची एक बाई पुढे आली. पाटलाने सांगितले, मूलबाळ नाही, नवरा वर्षभर अंथरुणावर, त्याला टाकून ही खडीवर जाऊ शकत नाही. मी मान वर केली. अंगावर धडके, धुतलेले लुगडे आणि दोन्ही हातांत चांदीच्या पाटल्या. पाटील आणखी काही बोलू लागला, पण मी पुढचे नाव विचारले. बाई नमस्कार करून मागे सरली.

तीन आठवड्यांनी त्याच गावी गेलो, तेव्हा तिच्या दाराला कडी होती. शेजारीण ओट्यावर हरभऱ्याचा वाळलेला पाला निवडत होती. मी विचारले, ही बाई कुठे गेली?

"खडीवर गयी, तठेच मुक्काम शे तिना. म्हातारा तिन्या माघारे मरी गया. आमीच मसनमा नेयं त्याले."

मी म्हणालो, पाटल्या विकल्या असत्या तर जावे लागले नसते.

तिने हात पुढे केले. पाटल्या तिच्याच हातांत होत्या.

"ह्या मन्या शेतस, भाऊ. लुगडं बी मनंच व्हतं. सरकारना माणूसम्होरे फाटकं लुगडं नेसीसन, उघडा हाते जास का कोनी? डोयावर चष्मा शे तुमना, पन इचारं नही तुमी."

आमच्या घरीही आई कचेरीत जाताना शेजारणीचे लुगडे नेसून जाई. मला हे कळायला हवे होते.

मी त्याच दिवशी कचेरीत जाऊन मामलेदारांना सगळे सांगितले, तिचे नाव घालण्याचा अर्ज पुढे ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांनी खडीच्या कामाची हजेरी मागवून पाहिली. बाई रोज हजर होती, नेमून दिलेली खडी पुरी करत होती.

"काम होत नाही म्हणून नाव घालायचे ना? हिला तर होते आहे. आणि सांभाळायला आता घरी कोणी नाही."

नियमात त्यांचे काहीच चुकत नव्हते. मी अर्जावर 'काम करण्यास समर्थ' असे लिहून सही केली. नवऱ्याच्या मरणाची बातमी तिला खडीवर कोणी कळवली की नाही, हेही मी विचारले नाही.

पुढे पुष्कळ सभांतून ऐकले की गरिबाला फुकट दिले तर तो आळशी होतो. असे कोणी म्हणू लागले की मला माझी ती सही आठवते. मी उठून बाहेर जातो.