माझ्या डावीकडच्या वहिनी

समूहगायनात अकरा वर्षं अखंड काढून एकदाही न गायलेली बाई साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ती रत्नागिरीत दर गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या डावीकडे उभी असते. तिचं नाव मला अर्थातच ठाऊक आहे. पण मंडळात सगळ्या तिला वहिनी म्हणतात, तेव्हा मीही इथे वहिनीच म्हणणार. उद्या हे वाचून त्या कमरेवर हात ठेवून माझ्या दारात उभ्या राहिल्या, तर ‘अहो, त्या दुसऱ्या’ असं म्हणायची सोय हवी.

आमचं मंडळ म्हणजे सतरा बायका, एक पेटी आणि बाई. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या शिक्षिका. देवळामागच्या हॉलमधला पंखा कुठल्या पट्टीत कुरकुरतो हेही त्या सांगू शकतात. मंडळात विहारात वंदना म्हणणाऱ्या दोघी मास्तरणी आहेत, अंगणवाडीच्या सेविका आहेत, दवाखान्यातली नर्स आहे, आणि ब्लाऊज शिवणारी मी आहे. गाणी बाई स्वतःच रचतात. होडीचं, पेरणीचं, अगदी फणसाचंसुद्धा एक आहे, आणि ते फणसाइतकंच लांबलचक आहे. बाईंचे नियम दोनच: उभं राहायचं ते अर्धवर्तुळात, आणि वहीत बघून गायचं नाही. बेत मात्र दोन नाहीत, ढीगभर आहेत. या मार्गशीर्षात सावर्ड्याचा महिला मेळावा, मग पोफळीच्या कॉलनीत कार्यक्रम, शिमगा झाला की केळशी. पुढच्या वर्षी गोव्याला जायचं असंही त्या म्हणतात, पण तिथे काय गायचं ते अजून ठरलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, वहिनींना आवाजच नसेल. तसं मुळीच नाही. वहिनी बाजारात सुकी मासळी घेऊन बसतात. “गो बाय, सोडे बघ, नुसता वास घेऊन बघ!” अशी हाक त्यांनी मारली की रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध विसरून सोडे घेऊन घरी जातं. त्यांचे यजमान पूर्वी होडीवर तांडेल होते, म्हणजे सगळे खलाशी त्यांच्या हुकमात. घरात मात्र हुकूम वहिनींचा. त्यांनी पुढच्या अंगणातून हाक मारली की मागच्या परसातून यजमान “आलो” म्हणतात, आणि पुष्कळदा शेजारचेही म्हणतात. असा हा आवाज गुरुवारी हॉलच्या पायरीवर चपलांबरोबर उतरवून ठेवावा तसा नाहीसा होतो. बाई पेटीवर सूर धरतात, वहिनी पदर खोचतात, अर्धवर्तुळाच्या अगदी मधोमध उभ्या राहतात आणि तोंड उघडतात. भरपूर उघडतात. दुःखाचं कडवं आलं की डोळे भरून येतात, होडी वादळात सापडली की कपाळाला आठ्या पडतात, किनारा दिसला की चेहरा असा उजळतो की बघणाऱ्यालाच हायसं वाटावं. फक्त आवाज येत नाही.

गेल्या गणपतीत एका वाडीवर आमचा कार्यक्रम झाला. तिथले वयस्कर यजमान नारळ घेऊन थेट वहिनींसमोर आले आणि म्हणाले, “सगळ्याच छान गायल्या, पण तुम्ही जीव ओतून गाता हो!” वहिनींनी नारळ कपाळाला लावला, “देवाची कृपा” म्हणाल्या, आणि परतताना गाडीत गुपचूप माझ्या पिशवीत टाकला. “तू घे गो. तुझ्या गळ्याचा हाय,” एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, काय हा विनय! नारळाच्या वड्या केल्या आणि विसरून गेले.

त्यांची एक ॲल्युमिनियमची डबी आहे. तालीम संपली की त्या डबी उघडून अर्धवर्तुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडीसाखर वाटत जातात. स्वतः कधी घेत नाहीत. एकदा नर्सने आग्रह केला तर म्हणाल्या, “जिने गळा वापरलान, तिने खायची.” हे वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण मी जन्मजात भोचक आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला ते लागतंच. नुसत्या मापावर ब्लाऊज बसत नाही, आतलं माणूसही थोडं कळावं लागतं.

मी शोध सुरू केला. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच आवाजात त्यांचा बुडत असेल. म्हणून एकदा ओळीच्या मध्येच गप्प झाले आणि डावा कान लावला. डावीकडून खोबरेल तेलाचा वास आला, सूर आला नाही. उलट वहिनींनी तोंड हलवता हलवताच मला कोपर मारलं. एका हिवाळ्यात घसा बसला म्हणून मी सबंध तालीम मुकी उभी राहिले. चिमणीच्या चिवचिवीएवढंसुद्धा काही ऐकू आलं नाही. आडून आडून विचारूनही बघितलं: “वहिनी, होडीच्या गाण्यातला तो वरचा सूर तुम्हाला जड जातो का हो?” त्या म्हणाल्या, “कधी जातो, कधी नाय जात.” ताकास तूर लागू दिली नाही. आणखी एक खोड मला दिसली होती. त्यांचे ओठ आमच्या अर्धा शब्द आधी हलतात. आम्ही ‘वल्हं’ म्हणत असू तेव्हा त्यांचं तोंड पुढच्या ‘मारा’वर गेलेलं असतं. मला वाटायचं, बिचारीला ताल कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी सावर्ड्याहून पत्र आलं. स्टेज लहान आहे, सोळाच बायका मावतील. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. कुणा एकीला वगळायचं हे त्यांना भाजी चिरताना बोट कापल्यासारखं वाटत होतं. शेवटी म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी एकेकीकडून एक एक ओळ ऐकते, मग ठरवू. आणि एकदा सोळा ठरल्या की पोफळीला आणि केळशीलाही त्याच.” सगळ्या माना डोलवून गाण्याला लागलो. माझ्या डावीकडचे ओठ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा थांबलेले मला दिसले.

पुढच्या गुरुवारी वहिनी आल्या नाहीत. मुलाच्या हळदीच्या दिवशी पिवळ्या हातांनी येऊन उभी राहिलेली बाई, ती आली नाही. बाई म्हणाल्या, “येतील. तोवर सगळ्या मिळून होडीचं गाणं एकदा म्हणून घ्या.” पहिलं कडवं झोकात झालं. दुसऱ्या कडव्याशी आलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, म्हणजे आत काहीच नव्हतं. मी आपोआप डावीकडे बघितलं. तिथे भिंतीवरचं कॅलेंडर. इतरांकडे बघितलं, तर पंधराही जणी मान वळवून त्याच कॅलेंडरकडे बघत होत्या. कुणीतरी घाबरून पेरणीच्या गाण्याचं दुसरं कडवं सुरू केलं, बाकीच्या त्यात शिरल्या, आणि आमची होडी वल्ही मारत थेट भातखाचरात गेली. बाईंनी पेटीचा भाता बंद केला.

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या, “मला सतरा तोंडं दिसतायत आणि सोळा आवाज ऐकू येतायत. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. पण त्या आल्या आणि तुम्ही शब्द विसरायच्या थांबलात, म्हणून मी कधी बोलले नाही. मी त्यांना गायला सांगणारच नव्हते.”

“मग तसं आधी म्हणायचंत ना बाई!” मी ओरडले. माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला म्हणून असेल, त्यांना आणायचं काम माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर वहिनी पडवीत सुकट पाखडत बसल्या होत्या. “तू होय? बस. चाय घेतेस?” इतक्या हळू म्हणाल्या की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मी म्हटलं, “बाईंनी बोलावलंय.”

“गायला?”

“नाही. उभं राहायला.”

सूप थांबलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं. माहेर त्यांचं केळशीच्या अलीकडच्या एका गावात. चौथीत असताना शाळेत कुणी मोठे साहेब यायचे होते आणि स्वागताचं गाणं बसत होतं. गुरुजींनी एकेकीकडून ओळ म्हणून घेतली. “माझी ओळ झाली नि गुरुजी म्हणाले, तुझे शब्द चोख हायत. तू मधी उभी ऱ्हा, नुसतं तोंड हलव. आवाज काढू नको.”

“आणि तुम्ही ते अजून ऐकताय?” मला त्या गुरुजींचा असा राग आला की समोर असते तर मापं घ्यायच्या टेपने झोडपले असते.

“रागावतेस कशाला गो? काढून नाय टाकलनी मला. उभी केलनी, मधोमध.” त्यांनी सुकटीतला एक खडा काढून अंगणात टाकला. “मला गाणं नको. घरात मी कुणाची आई, कुणाची बायको. बाजारात मी सोडेवाली. रांगेत कसं, दोन्ही खांद्यांना माणूस लागतं. आता केळशीला भाऊ येतोय बघायला. मी सांगून बसले त्याला, मी गाणाऱ्यांत असतंय म्हणून.”

“आणि तोंड आमच्या आधी का हलवता?”

“तुम्ही विसरता ना मेल्यांनो दुसरं कडवं! तोंडात शब्द दिला नाय तर होडी बुडेल की!” हे मात्र बाजारातल्या आवाजात म्हणाल्या. परसातून यजमानांचा “आलो” ऐकू आला.

परतताना मी त्यांचाच विचार करत होते. तरी पुढच्या गुरुवारी मी जे केलं ते उदारपणाने केलं असं कुणी समजू नये. मी बाईंना सांगितलं, सगळ्यांना एकसारखे ब्लाऊज हवेत, पोपटी कापडाला जांभळे काठ, आणि मला सोळाच शिवायला वेळ आहे, सतरावा होणार नाही. तेव्हा सतरावी मी. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, “काय गो, येडी झालीस?” मी हसले, पण आतून तुटलं. माझ्या आवाजाला बाईंनी एकदा ‘ठीक’ म्हटलं होतं, ते मी अजून जपून ठेवलेलं आहे. शिवाय खरं सांगायचं तर अर्धं कारण भोचकपणाच होता. अकरा वर्षं मी वहिनींना एका बाजूनेच पाहत आले होते. एकदा समोरून बघायचं होतं.

परवाचा गुरुवार सावर्ड्याआधीचा शेवटचा. मी समोर खुर्ची टाकून बसले. माझ्या जागी अंगणवाडीच्या सेविका सरकल्या होत्या. बाईंनी सूर धरला. समोरून बघितलं की कळतं, बाकीच्या पंधरा जणींचे डोळे कुठे असतात ते. बघतात आपल्या बाईंकडे, पण कडवं बदललं की एका क्षणासाठी सगळ्यांची नजर मधोमध जाऊन येते. तिथे ते ओठ अर्धा शब्द पुढे, वाट दाखवत. होडी दुसऱ्या कडव्यातून अलगद बाहेर आली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझंही तोंड हलतंय. सगळे शब्द येत होते, आणि आवाज एवढासाही काढायचा नव्हता. माझे खांदे दोन्ही बाजूंनी मोकळे होते. मला रडू आलं, आणि ते मी पदराने पुसलंही.

तालीम संपली. वहिनी डबी घेऊन निघाल्या, टोकापासून टोकापर्यंत वाटत गेल्या, आणि मग माझ्या खुर्चीसमोर आल्या. मी हात मागे घेतला. “मी कुठे गळा वापरला?”

“गप. हात पुढे कर.”

त्यांनी माझ्या हातावर एक खडा ठेवला. मग डबीत बघितलं, एक खडा उचलला, स्वतःच्या तोंडात टाकला, आणि झाकण लावलं.

“वहिनी! म्हणजे आज तुम्ही...”

“रविवारी सहाची गाडी हाय,” त्या हॉल दणाणून सोडत म्हणाल्या, “तू पण यायचंस. उशीर करू नको!” आणि चपला घालून पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा.

मी धावत अंगणवाडीच्या सेविकांना गाठलं. “डावीकडून काही ऐकू आलं का हो आज? बारीकसं काही?” त्या पिशवीत किल्ली शोधत होत्या. म्हणाल्या, “डावीकडून? नाही बाई, मी नाही लक्ष दिलं.” बाईंना विचारलं, आज किती आवाज आले? त्या पेटीवर कापड टाकत म्हणाल्या, “आज मोजले नाहीत.”

अकरा वर्षं मी त्या जागी कान लावून उभी होते, आणि नेमकी त्या दिवशी नव्हते. खडीसाखर मी चावली नाही. घर येईपर्यंत ती थोडी तोंडात होती.