खळ घातलेला गणवेश

आतेभाऊ रविवारी आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवायला यायचा. साताऱ्याकडच्या गावातून सैन्यात भरती होऊन त्याची नेमणूक दिल्लीच्या छावणीत झाली होती. सुटीला साधे कपडे चालत असतानाही तो गणवेशात येई. बसमध्ये जागा असली तरी उभा राही, कारण बसलं की पँटची घडी मोडते.

सैन्याकडून मिळणारा गणवेश ढगळ असतो. नवे जवान तो आधी छावणीच्या बाजारात शिंप्याकडे नेतात. आतेभावानेही शर्ट कमरेत आवळून घेतला होता, बाह्या दंडावर घट्ट करून घेतल्या होत्या. वर भरपूर खळ, पट्टा, एका कानावर झुकलेली टोपी. या कपड्याची रचना हुशार आहे. खांदे रुंद दिसतात, पोट नाहीसं होतं आणि विशीतल्या पोराला आपण कोणीतरी आहोत असं वाटू लागतं. तसं वाटावं म्हणूनच तो तसा बेतलेला असतो. मला तो तेव्हा आवडला नाही, आजही आवडत नाही.

धाकट्या भावाची बारावी झाली होती. फरीदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश ठरला होता, पण तो भरतीच्या गोष्टी बोलू लागला होता. आईला त्याची धास्ती होती; ती रोज कॉलेजचा विषय काढी. तिचा भाऊ सैन्यात गेला आणि गणवेशातल्या एका फोटोपुरता घरात उरला.

"बस की रे," त्या रविवारी आई आतेभावाला म्हणाली. "का त्यालाही साहेबांची परवानगी लागते?"

"घडी मोडते, मामी."

"हाडं मोडतात तेव्हा काय म्हणता? माझ्या घरात उभ्याने जेवायचं नाही."

तिने पानं जमिनीवर मांडली. आतेभावाने भावाचा पायजमा मागून घेतला, गणवेश खुंटीला लावला आणि पाटावर बसला. पायजम्यात तो किडकिडीत, गळ्याची हाडं वर आलेला मुलगा होता. भाऊ त्याच्याकडे बघतच नव्हता. जेवण अर्धवट टाकून तो आत गेला आणि गणवेश चढवून बाहेर आला.

"दादा, बिल्कुल फिट आहे यार."

"काढ," आई म्हणाली.

"राहू द्या मामी, शोभतोय," आतेभाऊ म्हणाला.

"काय शोभतं ते तुझ्या आईला विचार. माझा एक गेलाय."

भावाने गणवेश काढला. आईने तो उचलला, न्हाणीघरात नेला आणि पाण्याच्या बादलीत दाबला. आतेभावाला संध्याकाळच्या हजेरीला परतायचं होतं.

"मामी, हे बरं नाही केलंत."

"नाहीच केलं. सांग जा तुझ्या मामाला."

तिने गणवेश पिळून वर धरला. खळ गेल्यावर ते एक ओलं, चुरगळलेलं हिरवं कापड होतं. आईला धाकट्याला तेच दाखवायचं होतं.

भावाने ते तिच्या हातातून घेतलं. "घरात कलफ आहे?" त्याने विचारलं. दिल्लीत वाढलेल्या त्याला खळ हा शब्द येत नव्हता. सकाळच्या भाताची पेज त्यानेच शोधली, पातळ केली, कापडाला लावली. टेबलावर चादर अंथरून इस्त्री तापवली. त्याचे स्वतःचे शर्ट आजवर आईच इस्त्री करत होती.

"बाहीची घडी खांद्यापासून काढ," पायजम्यातला आतेभाऊ सांगत होता. "हां, अशी."

ओल्या कापडातून वाफ निघत होती. आई दारात उभी राहून पाहत होती. कॉलेजचा विषय तिने पुन्हा काढला नाही.