मामांची भूकंपाची पाठ

भूकंपात मामांच्या पाठीवर घराची भिंत पडली, हे खरं. त्यातून ते बरे झाले, हेही खरं. पण लातूरकडं पुढं कैक वर्षं कुठलंही दुखणं भूकंपाच्या नावावर घालायची पद्धत होती, आणि मामांची पाठ तर त्यातली मानकरी.

मामा लातुरात शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ चालवायचे. शिकवणीवाल्यांना नव्या शाखेच्या उद्घाटनाला ढिगाऱ्यातून उठलेला एखादा माणूस लागायचाच. एका वर्षी सत्कारासाठी नाव पुकारलं आणि मामांना खुर्चीतून उठताच येईना.

"मामा गहिवरले," सूत्रसंचालक म्हणाला. टाळ्या झाल्या.

त्याआधी बरेच दिवस ताप होता, पाठ ठणकत होती. आम्ही शेकत होतो. आता पायच उचलेनात. आमच्याकडं दवाखाना डब्याच्या सोयीनं ठरतो. माझी बहीण नांदेडला, म्हणून गाडी अहमदपूरवरून नांदेडला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"भूकंपापासून हाय बघा," मामी म्हणाल्या.

"तापही भूकंपापासून?"

बाईंनी मामांची बाही वर सारली. शिरा सुतळीसारख्या कडक झालेल्या, त्यावर काळे ठिपके. मामा उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा सदरा घालत, तो आम्ही सत्कारमूर्तीचा पोशाख समजत होतो.

"काका, पाय वाचवायचे असतील तर खरं सांगा. सुई घेता?"

"अवो, सुपारीबी खात न्हाईत ते," मामी म्हणाल्या.

"तू थांब जरा." मामा छताकडं बघत होते. "घेतो. भूकंपानंतर दवाखान्यात दुखण्यावर सुई द्यायचे. दुखणं थांबलं, सुई न्हाई थांबली."

"कुठं घेता?" बाईंनी विचारलं.

"कोठीत. पोत्याआड."

"तरी मी म्हणायची, रोज तांदळात काय बघतेत," मामी म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन बसल्या.

हातातल्या सुईचा पाठीशी काय संबंध, हे मला कळेना. बाईंनी समजावलं. घाण सुईतून जंतू रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर कुठंही जाऊन बसतात. मामांच्या ते मणक्यांच्या आत बसले. तिथं पू झाला आणि त्यानं मज्जारज्जू दाबला. पू काढता येईल. पाय परत येतील का, हे तो किती वेळ दाबला गेला त्यावर. इतकं साधं कारण होतं. इतकी वर्षं आम्ही ते जमिनीखाली शोधत होतो.

ऑपरेशन झालं. मामी आत आल्या, पण मामांशी बोलेनात. फक्त रोज डबा झाला की पायाशी बसायच्या, तळव्यात नख रुतवायच्या आणि भिंतीकडं बघून विचारायच्या, "कळतंय?"

"न्हाई."

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी मामांनी डावा पाय किंचित ओढून घेतला.

"हळू की. लागतंय."

मामींनी आणखी जोरात दाबलं.